वाघचौऱ्याची जागा

उरणच्या पुढे, जिथे कंटेनर यार्डांच्या भिंती दोन्ही बाजूंनी रस्त्याला येऊन भिडतात, तिथे सगुणाबाईंचं गाव आहे. रस्ता भराव टाकून टाकून वर चढत गेला आणि घरं होती तिथेच राहिली. त्यामुळे आता पाहुणे रस्त्यावरून पायऱ्या उतरून त्यांच्या ओटीवर येतात. ओटीवरून पूर्वी मिठागरं दिसायची, त्यांच्या पलीकडे खाडी. आता समोर यार्डाची भिंत आहे, भिंतीच्या वर डब्यांवर डबे रचलेले, आणि त्यांच्या वर उरेल तेवढं आभाळ. सगुणाबाईंचे यजमान दयाराम यांनी उभी हयात मिठागरात काढली. मिठागरं गेल्यापासून ते ओटीवर बसून असतात, भिंतीकडे तोंड करून. दुसरीकडे तोंड करायला जागा नाही.

घराच्या मागे मात्र टेंभी होती. टेंभी म्हणजे गावाच्या पाठीशी असलेला बुटका डोंगर. नकाशात त्याला नाव आहे की नाही कोण जाणे. सगुणाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात सासूने त्यांना शेवळांची रानभाजी काढायला वर नेलं होतं. तेव्हापासून घरात काही बिनसलं, कुणी टाकून बोललं, जीव गुदमरला की त्या कोयता घ्यायच्या आणि "गवत आणते" एवढंच सांगून वर जायच्या. पुढे गुरं विकली, गवताची गरज उरली नाही. तरी त्या "गवत आणते" असंच सांगून जात आणि कुणी काही विचारत नसे.

टेंभीच्या उतारावर श्रावण सरता सरता वाघचौरा फुलायचा. कमरेएवढा दांडा, त्यावर तळहाताएवढी पांढरी फुलं, कडा पिसासारख्या कातरलेल्या. दिवसभर त्याला वास नसल्यासारखाच, पण तिन्हीसांजा झाल्या की सगळा उतार घमघमायचा. गौरी आणायला गेलेल्या बाया तेरड्याबरोबर त्याचा एखादा दांडा आणत. कांद्याला हात लावायचा नाही, हे सासूने सांगितलं होतं. कांदा काढला की संपलं, दुसरीकडे तो जगत नाही.

मग एका कंपनीने गावाजवळ मोठं गोदाम बांधायला घेतलं. भरावासाठी मुरूम हवा होता आणि मुरूम टेंभीत होता. डोंगराची दक्षिण बाजू कापायची परवानगी कंपनीला मिळाली, पण एका अटीवर: त्या उतारावरचा वाघचौरा आधी दुसरीकडे हलवायचा. त्या कामासाठी पुण्याहून प्रणाली नावाची मुलगी आली. तिने वनस्पतिशास्त्रात पदव्या घेतल्या होत्या आणि जमिनीत वाढणाऱ्या आमऱ्यांवरच, म्हणजे ऑर्किडांवरच, तिचा अभ्यास होता. "ऑर्किड म्हटलं की लोकांना झाडावर लोंबणारं फूल आठवतं," ती म्हणायची, "पण हे आपलं मातीतलं ऑर्किड आहे, मावशी. फार मानी. याला कुंडी चालत नाही, खत चालत नाही, लाड चालत नाहीत."

फुलं कुठे कुठे आहेत हे दाखवायला कुणीतरी माहीतगार हवं होतं. गावाने सगुणाबाईंचं नाव सांगितलं. भाद्रपदात दोघी मिळून सगळा दक्षिण उतार फिरल्या. सगुणाबाई दाखवत आणि प्रणाली प्रत्येक झाडाशेजारी लोखंडी खुंटी ठोके, कारण दिवाळीनंतर जमिनीवर काहीच दिसत नाही. पान-दांडा सगळं वाळून जातं, आणि कांदा मातीखाली पावसाची वाट बघत पडून राहतो. हलवायचा तर तेव्हाच, झोपेत.

ती मुलगी सगुणाबाईंना आवडली. चढताना धापा टाकायची, करवंदीच्या काट्यांनी हात ओरबाडून घ्यायची, आणि एखादं फूल दिसलं की चिखलात गुडघे टेकून बसायची. तिनेच शब्द टाकला म्हणून कंपनीच्या बागेत सगुणाबाईंना काम मिळालं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या पगाराच्या कामाला लागल्या. दयाराम म्हणाले, "जा, दोघांत एकानं तरी कुटं जायला पायजे."

दिवाळी झाली. आता जागा ठरवायची होती.

कंपनीने जागा आधीच ठरवून ठेवली होती: गेटच्या आत शिरल्याबरोबर उजवीकडे, हिरवळीच्या मधोमध. वाघचौऱ्याच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून तयार होती. प्रणालीने ती जागा बघितली आणि मान हलवली. भरावाची सपाट जमीन, खाली जुनी खाऱ्या पाण्याची खाजण, पाण्याला वाट नाही. तिला टेंभीची उत्तर बाजू हवी होती. ती बाजू तेव्हा कापायची नव्हती, निदान कागदावर तरी.

त्या रात्री अल्पेश जेवायला बसला. अल्पेश सगुणाबाईंचा एकुलता एक मुलगा. शिकून तीन-चार ठिकाणी नोकरीसाठी हिंडला, शेवटी डंपरच्या धंद्यात पडला, आणि त्यात त्याचा जम बसला होता. टेंभीचा मुरूम त्याच्याच गाड्या वाहणार होत्या.

"आये, ती मॅडम उत्तरेची बाजू बघते म्हनं."

"बघू दे. चांगली जागा हाय."

अल्पेशचा हात ताटात थांबला. "चांगली म्हंजे? तिथं फुलं लावली का तो सगला भाग लॉक होनार. आपल्या गाड्यांचं पुढचं काम त्याच बाजूला हाय. सुपरवायजर बोलला मना, ती तुला विचारूनच ठरवनार हाय."

"मंग?"

"मंग काय? तिथं काय उगवत न्हाय, एवढंच बोल." मग त्याचा आवाज खाली आला. "फुलंच हायत ना, आये. मी काय कुनाचा जीव घ्यायला सांगतंय?"

सून अमिषा भाकरी थापायची थांबली होती. ओटीवरून दयारामचा खोकला ऐकू आला, पण ते आत आले नाहीत. सगुणाबाईंनी मुलाला आणखी कालवण वाढलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही. त्याला काढावा लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी प्रणाली त्यांना घेऊन उत्तरेच्या उतारावर गेली. गवत पिकून सोन्यासारखं झालं होतं. ऐनाची झाडं विरळ उभी होती आणि त्यांची सावली जाळीदार पडली होती. प्रणाली वाकून माती हातात घेत होती, चुरडत होती, वास घेत होती.

"सगळं बरोबर दिसतंय, मावशी. उतार आहे, पाणी थांबणार नाही. सावली आहे पण दाट नाही. गवत आहे, गवत तर हवंच. पण या मातीत एक बुरशी असावी लागते, डोळ्यांना न दिसणारी. ती नसेल तर वाघचौरा उपाशी मरतो. ती आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण एकच. जिथे एक वाघचौरा आपोआप आलाय, तिथे दुसरा जगेल." ती उठून उभी राहिली आणि हात झटकले. "पावसात मी फक्त दक्षिण बाजूच बघितली. तुम्ही इतकी वर्षं इथे येताय. या बाजूला कधी दिसला तुम्हाला?"

सगुणाबाई जिथे उभ्या होत्या, तिथून हात लांब केला असता तर तो ऐन लागला असता, ज्याच्या बुडाशी दर भाद्रपदात वाघचौऱ्याचे दांडे उभे राहत. आता तिथे नुसतं गवत होतं, तरी त्यांना ते पांढरं सगळं दिसत होतं. दिसत असतानाच त्या म्हणाल्या, "न्हाय बाय. इथं खाली सगला खडक हाय. इथं कवाच न्हाय."

प्रणालीने मान डोलावली. एकदाही उलटून विचारलं नाही. उतरताना ती म्हणाली, "बरं झालं तुम्ही सोबत होता. नाहीतर मी उगाच हट्ट धरला असता."

थंडीत कांदे हलवले. प्रणालीने तिच्या परीने काही कमी केलं नाही. प्रत्येक कांदा भोवतालच्या मातीच्या ढेकळासकट उचलला. बागेत खाली दगड-गोटे घालून, वर टेंभीची माती ओतून उंच वाफे केले. वाफ्यांवर गवताचे ठोंब लावले. जाताना तिने सगुणाबाईंना बजावून सांगितलं, "पाऊस येईपर्यंत पाण्याचा थेंब नको. खत नको. गवत कापायचं नाही. काही दिसलं नाही तरी काळजी करायची नाही."

ती गेली आणि आठवड्याभरात बागेच्या साहेबांनी वाफ्यांवरचं वाळकं गवत काढायला लावलं. गेटमधून आत येणाऱ्या मोठ्या लोकांना तो उकिरडा वाटत होता. हिरवळीचे फवारे आणि वाफ्यांचे फवारे एकाच नळावर होते. सगुणाबाईंनी साहेबांना विचारलं, "इथलं पानी बंद करू का?" साहेब म्हणाले, "मग लॉन मरेल ना." त्यानंतर रोज सकाळी तो नळ सोडायचं काम सगुणाबाईंचंच होतं.

फाल्गुन-चैत्रात वाफ्यांच्या कडेला मातीवर पांढरं फुटायला लागलं. त्यांनी घरी सांगितलं, तर दयाराम हसले. त्या हसण्यात ना आनंद होता ना टोमणा. "आमच्या आगराचीच जागा ती. वर कितीपन माती टाका. तुमी वरून पानी मारता, खालून खार वर येतो. मी त्या जागेत मीठ पिकवलंय, मना कोन सांगनार?"

हे सगुणाबाईंना आधीच माहीत होतं. हे नवं कळलं असं नव्हतं. रोज सकाळी गणवेशाची निळी साडी नेसून त्या पायऱ्या चढत, यार्डाच्या भिंतीकडेने गेटपर्यंत जात, पास दाखवून आत शिरत आणि नळ सोडत. फवारे फिरायला लागले की वाफे भिजायचे. त्या नळापाशी उभ्या राहून बघायच्या. काम सोडावं असं कितीदा मनात आलं. पण सोडलं तर काय सांगणार? प्रणालीला काय, घरात काय? आणि नळ दुसऱ्या बाईने सोडला असता, एवढाच फरक. मागे टेंभी कापली जात होती. दिवसभर तो आवाज यायचा. घरी आलं की अल्पेशच्या कपड्यांतून टेंभीची तांबडी माती पडायची, ती त्याच झाडून काढायच्या.

पाऊस सुरू झाला. एवढ्या मोठ्या वाफ्यांत मोजकेच कोंब वर आले, तेही पिवळट, टोकाला काळे पडलेले. एकाच झाडाला कळ्या धरल्या आणि उमलायच्या आधीच त्या वाळल्या. श्रावणात प्रणाली आली. छत्री बाजूला टाकून ती वाफ्यात बसली, बोटांनी माती उकरत राहिली. हाताला लागले ते सडके कांदे, दाबले की पाणी होणारे. घट्ट असे थोडेच होते.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "कांदे काढताना मुळं दुखावली असणार. किंवा महिना चुकला." तिने हातातला सडका कांदा बाजूला ठेवला. "मावशी, मी सगळीकडे लिहून दिलंय की असं हलवता येतं. आता ते लिहिलेलं दाखवून दुसरीकडचे डोंगर कापायला परवानग्या घेतील."

सगुणाबाईंनी तिला कँटीनमधून चहा आणून दिला. तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. कप तिच्या हातात निवून गेला, तो घेऊन त्या परत कँटीनमध्ये ठेवून आल्या.

गौरी आणायच्या दिवशी त्या तेरडा आणायला वर गेल्या. दक्षिणेचा उतार उरला नव्हता, म्हणून मागून, उत्तरेच्या अंगाने चढल्या. पाऊस थांबलेला होता आणि दिवस कलला होता. ऐनाच्या बुडाशी, पुढे करवंदीच्या आडोशाला, वर पार कड्यापर्यंत वाघचौरा फुलला होता. इतका त्यांनी कधी बघितला नव्हता. आणि फुलांच्या मधून पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढलेल्या होत्या, पुढच्या कापणीच्या. पावसाने थोड्या पुसल्या होत्या, पण नव्याने ओढायला कितीसा वेळ लागतो?

त्या तिथेच ओल्या गवतात बसल्या. वास सुटायला लागला होता. खाली गावात गौरीची गाणी लागली होती. त्यांनी पदराच्या गाठीतून फोन काढला आणि प्रणालीला लावला.

"बाय, तू ये," त्या म्हणाल्या. "फोनवर बोलायचं न्हाय. ये तू."

प्रणाली दुसऱ्याच दिवशी आली. सगुणाबाईंनी तिला काही न सांगता वर नेलं. ती उतारावर पोचली आणि जागच्या जागी उभी राहिली. बराच वेळ तिने फोटो काढले नाहीत, गुडघे टेकले नाहीत, काहीच केलं नाही. मग वळून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"तेव्हाही?"

"व्हय."

"मग का?"

"पोराच्या गाड्या हायत."

प्रणाली रागावली असती, ओरडली असती तर सगुणाबाईंना सोपं गेलं असतं. तिने फक्त विचारलं, "आणि आता?"

"आतापन हायत," सगुणाबाई म्हणाल्या.

पुढे जे व्हायचं ते झालं. प्रणालीने कळवलं, तपासणी करायला माणसं आली, आणि उत्तरेची बाजू कापणीतून वगळली गेली. कुणी दाखवलं हे लपून राहायचं काही कारणच नव्हतं. गावात डंपर एकट्या अल्पेशचे नव्हते. गावच्या नळावर बाया त्यांना बघून गप्प व्हायला लागल्या. शेजारची चंद्राबाई, जिच्याबरोबर सगुणाबाईंनी आयुष्यभर लाकडं आणली, ती म्हणाली, "तुजा पोरगा काय उपाशी मरनार न्हाय, आमचे मरतील." ते काही खोटं नव्हतं.

अल्पेशने आरडाओरडा केला नाही. त्याने बिनकामाचे झालेले डंपर आणून घरासमोर रस्त्याच्या कडेला उभे केले, एकाला एक लागून. ओटीवर जो काही उजेड येत होता तोही गेला. दिवसा आत दिवा लावावा लागे. आईशी तो बोलत नव्हता. ताट ठेवलं की जेवायचा, उठायचा. दयारामनी एकदा, फक्त एकदा, विषय काढला. "तू केलंस त्यात चूक न्हाय," ते सगुणाबाईंना म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आनि त्यो रागावलाय त्यातपन न्हाय." आणि भिंतीकडे, म्हणजे आता डंपरच्या चाकांकडे, बघत बसले.

बागेतल्या कामावरून सगुणाबाईंना कुणी काढलं नाही. काढलं असतं तर एक विषय संपला असता. पाटी अजून तिथेच होती, रिकाम्या झालेल्या वाफ्यांत रंगीत पानांची झुडपं लावली गेली, आणि नळ त्याच सोडत होत्या.

हिवाळ्यात प्रणाली बागेतले उरलेले घट्ट कांदे न्यायला आली. या खेपेला टेंभीच्या उत्तर बाजूला जागा निवडायला तिने सगुणाबाईंना पुढे घातलं. त्या उतारावरून सावकाश चालत गेल्या. पावसाळ्यात कुठे पाय रुततो आणि कुठे नाही, हे त्यांच्या पायांना आठवत होतं. दुपारचं ऊन कुठे थेट पडतं, गवत कुठे गुडघ्याएवढं आणि कुठे डोक्याएवढं होतं, ढोरांची जुनी वाट कुठून जाते. "इथं नको, इथं माती वाहून जाते." "इथं नको, इथं सावली जादा." एकेक जागा त्या पायाने दाखवत आणि प्रणाली तिथे खड्डा करी. एका ठिकाणी प्रणालीला शंका आली. तिने माती पुन्हा तपासली आणि मग म्हणाली, "इथे जरा वर सरकू या, मावशी. खाली चिकणमाती आहे." सगुणाबाईंनी बघितलं, ते खरं होतं. दोघी वर सरकल्या. कांदे लावून झाले. पाणी घालायचं नव्हतं. प्रणाली त्यांच्याशी नीट बोलत होती, पण पूर्वीसारखी सारखी "मावशी, मावशी" करत नव्हती.

त्यानंतर कंपनीने उत्तरेच्या उताराला तारेचं कुंपण घातलं. संरक्षित क्षेत्र, आत जाण्यास मनाई. गावाकडून वर जाणारी वाट कुंपणात गेली. फाटकावर शेजारच्या गावचा वॉचमन बसवला. पावसाळ्याच्या तोंडावर सगुणाबाई शेवळं काढायला म्हणून गेल्या, तर तो उठून उभा राहिला. चांगला मुलगा होता, त्यालाच लाजल्यासारखं झालं. "मावशी, ऑर्डर हाय. मॅडमबरोबर आल्या तरच सोडतो."

"मीच दाखवली ही जागा," सगुणाबाई म्हणाल्या.

"माहीत हाय," तो म्हणाला. पण फाटक उघडलं नाही.

त्या तारेला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. आता "गवत आणते" म्हणून जायला वर काही उरलं नव्हतं. घर, पायऱ्या, भिंतीकडेचा रस्ता, गेट, बाग, आणि पुन्हा तेच उलटं.

श्रावणात प्रणालीने त्यांना आत नेलं. हलवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त वर आले होते. पानं हिरवीगार, रुंद. फूल त्या वर्षी एकालाही नव्हतं. "पहिल्या वर्षी नाहीच येत," प्रणाली म्हणाली, "जीव धरलाय, ते पुष्कळ आहे." सगुणाबाई वाकल्या, एका पानावरचा चिखल बोटाने पुसला. मग वॉचमनने आवाज दिला आणि त्या उतरल्या.

त्याच सुमाराला अल्पेशला काम मिळालं, पेणच्या पुढच्या एका डोंगरावर. पहाटे गाड्या निघायच्या आणि काळोख पडल्यावर परत यायच्या. घरासमोर दिवसा पुन्हा उजेड यायला लागला. एका संध्याकाळी तो जेवायला बसला, चपलांना वेगळ्याच रंगाची माती लागलेली. जेवता जेवता, ताटातून मान वर न करता, कितीतरी महिन्यांनी तो आईशी बोलला.

"तिथंपन हायत."

"काय?"

"फुलं. तुझी ती पांढरी." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "आज जेसीबीच्या बकेटमधे आली, दोन-तीन. वास आला म्हनून बघितलं." आणि मग आईकडे बघून, "येतेस का तिथंपन सांगायला?"

त्याच्या बोलण्यात टोमणा होता. पण फक्त टोमणाच होता असं सगुणाबाईंना वाटलं नाही. त्या चुलीपाशी बसून राहिल्या. विचारावंसं वाटलं, कुठल्या बाजूला, उतार कसा आहे, झाडं कुठली आहेत. विचारलं तर कळेल, आणि कळलं की पुन्हा ते माहीत असेल.

"आनखी वाढू?" त्यांनी विचारलं.

"नको," अल्पेश म्हणाला. पण तो उठला नाही, हात वाळेपर्यंत तिथेच बसून राहिला.